गाळा घ्यावा की घरातच राहावं? मरोळ गावठाणातली आमची घरची बेकरी

मरोळची_सून | १२ जानेवारी २०२५

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. प्रश्न एका ओळीचा आहे, पण घर कळल्याशिवाय तो कळणार नाही, म्हणून जरा लांबण लावते.

आम्ही ईस्ट इंडियन कॅथलिक. मरोळ गावठाणात सासऱ्यांच्या आजोबांनी बांधलेलं घर, शेजारच्याच्या भिंतीला आमची भिंत. खाली एक मोठी खोली, स्वयंपाकघर, मागे पडवी. वर दोन खोल्या. घरात सासू-सासरे (मी त्यांना मम्मी-पप्पा म्हणते), नवरा, मी आणि कॉलेजात जाणारी मुलगी.

मम्मी नाताळचं कुस्वार पहिल्यापासून घरीच करायच्या. कुलकुल, नेवऱ्या, काजूचं मार्झिपान, पेरूचं चीज, प्लम केक. विकायचं कुणाच्या डोक्यात नव्हतं. ताटं भरून शेजारी वाटायची, बस. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये समोरच्या बिल्डिंगमधल्या एक काकू मास्क लावून दाराशी आल्या. नातवाचा पहिला वाढदिवस, कुठेच केक मिळत नव्हता. मम्मींनी व्हॅनिला केक करून दिला आणि पैसे घ्यायला नकार दिला. दुसऱ्या दिवशी काकूंनी लोण्याची दोन पाकिटं पाठवली. पुढच्या महिन्यात त्यांच्याच मजल्यावरून तीन ऑर्डरी आल्या. सुरुवात ही एवढीच.

२०२१ मध्ये पडवी बेकरीसाठी बांधून घेतली. त्याआधी तिथे पाण्याची पिंपं आणि पप्पांची जुनी सायकल असायची. फरशी बदलली, मोरीकडे उतार दिला, खिडक्यांना जाळ्या, एक्झॉस्ट पंखा, भिंतीला छातीपर्यंत पांढऱ्या टाइल्स. ओट्यासाठी मार्बलची लादी पप्पांनी जुन्या सामानाच्या दुकानातून शोधून आणली. मार्झिपान मळायला तिच्यासारखी लादी नाही, मे महिन्यातही गार. साठ लिटरचे दोन ओटीजी (ओट्यावर ठेवायचे विजेचे ओव्हन), एक प्लॅनेटरी मिक्सर, एक फ्रिज. सगळं मिळून १ लाख ८० हजार. त्यातले साठ हजार मम्मींच्या एका बांगडीचे, हे मला नंतर कळलं.

कामाची वाटणी आपोआप झाली. घोटणं, भाजणं माझ्याकडे. मम्मी चव बघतात आणि रंग ठरवतात. प्लम केकचा काळपट रंग आमच्याकडे जाळलेल्या साखरेचा असतो. साखर तांबूस, मग तपकिरी, मग धूर निघेपर्यंत न्यायची आणि नेमक्या क्षणी उकळतं पाणी लांबून ओतायचं. तो क्षण अजून त्याच ओळखतात. माझी साखर एकदा कच्ची राहते, एकदा कडू होते. पप्पा पोचवायला जातात. रिक्षातून नेलेले आयसिंगचे केक खड्ड्यांनी दोनदा फुटले, तेव्हापासून ते मरोळ नाक्याहून मेट्रोनेच जातात, डबा मांडीवर धरून. हिशेब आणि फोन मुलीकडे. नवरा बँकेत आहे, तो रविवारी चर्चमधल्या मिस्सेनंतर (प्रार्थनेनंतर) क्रॉफर्ड मार्केटच्या आठवडाभराच्या सामानाची यादी काढतो.

आता या नाताळचं सांगते. ऑर्डरी दुप्पट झाल्या, १४० किलो प्लम केक आणि वर कुस्वारचे डबे. २३ डिसेंबरला रात्री नऊला जळका वास आला. दोन्ही ओटीजी एकाच लाइनवर होते, प्लग वितळून भिंतीला चिकटला होता. आत चार केक अर्धे कच्चे, बाहेर बावीस किलोचं मिश्रण घोटून तयार. मला रडूच फुटलं. पप्पा काही न बोलता चप्पल घालून बाहेर गेले आणि अर्ध्या तासाने परत येऊन म्हणाले, "डबे उचला." कोपऱ्यापलीकडच्या जुन्या पाववाल्या बेकरीच्या शेठना ते विचारून आले होते. लाकडाची भट्टी. शेठ म्हणाले, पहिला पाव अकराला निघेल, त्यानंतर उतरत्या आचेवर तुमचे केक लावा, पैसे नकोत. आम्ही पाच जणांनी हातगाडीवरून डबे नेले. पहाटे तीनला केक निघाले. त्या केकना जो वास होता तो माझ्या ओटीजीत कधी आला नाही.

तर प्रश्न. नवऱ्याला वाटतं, आता गाळा घ्यावा. जवळच एक बघितलाय, भाडं महिना ३२ हजार, डिपॉझिट वेगळं. मम्मी म्हणतात, घर सोडून केक करायचा तर दुसऱ्याचा केक विकत आणलेला काय वाईट. मी मधे आहे. ज्यांनी असं काही केलंय त्यांनी मोकळेपणाने सांगा.

नानकटाईवाला_दादर | १२ जानेवारी २०२५

ताई, प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, पण भट्टीचं वाचून लहानपण समोर उभं राहिलं. आम्ही कोकणस्थ, पण दिवाळीआधी नानकटाईचे ट्रे घेऊन बेकरीतच जायचो. आई घरी तूप-साखर फेसायची, मैदा-रवा-बेसन मिसळायची. बेकरीवाला रिकामे ट्रे द्यायचा, आम्ही भावंडं तिथेच बाकावर बसून गोळे वळायचो. ट्रे ओळखायला कोपऱ्यातल्या गोळ्यावर नावाची चिठ्ठी. आमच्या आधी एका ख्रिस्ती कुटुंबाचे केकचे डबे लागलेले असायचे, त्यांच्या डब्याला सुतळी बांधलेली असे. तुमच्या शेठना माझा नमस्कार सांगा.

हिशेबनीस | १३ जानेवारी २०२५

भावना बाजूला ठेवून विचारतो, राग मानू नका. एक किलो प्लम केकला माल किती, विक्री किती, वर्षभरात सरासरी महिन्याला किती किलो जातो? हे तीन आकडे मिळाले की गाळ्याचं उत्तर अर्ध्या पानात निघेल.

मरोळची_सून | १३ जानेवारी २०२५

राग कसला, हेच हवं होतं. मुलीने वही उघडली.

आमचं माप जुनंच आहे: मैदा, लोणी, साखर प्रत्येकी ५०० ग्रॅम, अंडी १०, रममध्ये मुरवलेला सुका मेवा १ किलो. भाजून साधारण अडीच किलो केक उतरतो. या वर्षी किलोमागे माल ४३० रुपये पडला, डबा-कागद-रिबिन ३५, वीज १२. म्हणजे ४७७. विकला ८०० ला. नाताळ सोडून बाकीच्या महिन्यांत सगळे केक मिळून सरासरी ४५ किलो.

हिशेबनीस | १३ जानेवारी २०२५

किलोमागे सुटतात ३२३. नुसतं भाडं भागवायला महिन्याला ९९ किलो केक विकावा लागेल. गाळ्यावर सतत माणूस लागेल, त्याचे १४ हजार धरा, विजेचे आणि किरकोळ ६ हजार. एकूण ५२ हजार, म्हणजे १६१ किलो. तुम्ही विकता ४५. बाकीचे ११६ किलो कोण खाणार, हे ठरल्याशिवाय सही करू नका. आणि या ३२३ मध्ये तुमची, सासूबाईंची, सासऱ्यांची मजुरी शून्य धरली आहे. ती आधी लावा. एका किलोला पाऊण तास लागत असेल तर ८०० हा भाव कमी आहे.

उंच_भरारी | १४ जानेवारी २०२५

माझं मत वेगळं आहे. घरच्या बायकांनी छान काही केलं की सगळे हेच सांगतात, घरातच करा. पुरुषाने हेच केलं असतं तर आतापर्यंत दोन शाखा निघाल्या असत्या. रस्त्यावर पाटी दिसली की ४५ चे १६० होतात. माझ्या बहिणीने ठाण्यात गाळा घेतला, पहिलं वर्ष जड गेलं, आज चार बायका कामाला आहेत. ताई, घाबरू नका.

मरोळची_सून | १४ जानेवारी २०२५

उंच_भरारी, तुमचा मुद्दा मनाला लागला, कारण तो खराच आहे. मी एका शाळेच्या ऑफिसात अकरा वर्षं नोकरी केली आणि सोडताना हेच ऐकलं होतं, "आता काय, घरीच." पण आमच्या घरात प्रश्न बाईने बाहेर पडावं का, हा नाही. मम्मी ७१ च्या आहेत. पडवीत त्या मधेच उठून पडतात, पुन्हा येतात, खुर्चीवर बसून कुलकुल वळतात. गाळ्यावर त्या येऊ शकणार नाहीत. त्या नसतील तर साखर कोण जाळणार?

वायरमन_कुर्ला | १४ जानेवारी २०२५

मी ख्रिश्चन गावातला, कुर्ल्याचा. गाळ्याचं नंतर बघा, आधी वायरिंग. साठ लिटरचा ओटीजी २००० वॅटचा म्हणजे पावणेनऊ अँपिअर. दोन मिळून साडेसतरा. १६ च्या सॉकेटवर मल्टिप्लग लावून दोन चालवलेत म्हणजे तो वितळणारच, आणि ओटीजी तासन् तास चालतो, इस्त्रीसारखा पाच मिनिटं नाही. प्रत्येक ओव्हनला मीटरच्या बोर्डापासून स्वतंत्र लाइन, चार एमएमची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी, अर्थिंग तपासलेलं. वीज कंपनीकडे अर्ज करून मंजूर भारही वाढवून घ्या. गावठाणातली घरं एकमेकांना चिकटलेली, एक पेटलं तर गल्ली पेटते. पडवीत आग विझवायचा सिलिंडरही टांगा, दाराजवळ, ओव्हनजवळ नको.

मरोळची_सून | १४ जानेवारी २०२५

दादा, उद्याच करते. शेजाऱ्यांच्या भिंतीचा विचार आला आणि रात्रभर झोप लागली नाही.

साधीच_शंका | १६ जानेवारी २०२५

धागा आवडीने वाचतेय. एक अज्ञानी प्रश्न: मरोळ पश्चिम उपनगरात, तुम्ही मराठी बोलता, मग ईस्ट इंडियन कसे? पूर्वेकडून आलात का?

वसईचा_वाडीकर | १६ जानेवारी २०२५

नाही हो, हे लोक इथलेच, साष्टी आणि मुंबईच्या बेटांवरचे मूळचे शेतकरी, आगरी, कोळी, भंडारी, कारागीर. १५३४ च्या तहाने वसई आणि ही बेटं पोर्तुगीजांकडे गेली, त्या काळात ख्रिस्ती झाले. पुढे इंग्रजी अमलात गोव्याकडचे आणि मंगळूरकडचे ख्रिस्ती मुंबईत नोकरीला येऊ लागले. आपण इथले, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखातले, हे वेगळं दिसावं म्हणून १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, त्यांनी हे नाव घेतलं. बोली मराठीच राहिली.

मरोळकरांचं जुनं चर्च सीप्झच्या (अंधेरीतल्या निर्यात-उद्योग वसाहतीच्या) आवारात आहे, १५७९ चं. १८४० मध्ये साथ आली तेव्हा लोक ते सोडून मरोळला आले. आता नुसत्या भिंती उभ्या आहेत.

ताई, फुगे (आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे) करता का तुम्ही? आमच्याकडे लग्नाला फुग्यांशिवाय पंगत नाही.

मरोळची_सून | १७ जानेवारी २०२५

फुगे फक्त घरच्यांसाठी. ते गरम असतानाच खायचे, डब्यात घातले की मेले. मम्मींच्या आई ताडीने पीठ आंबवायच्या. आम्ही यीस्ट घालतो, नारळाचं दूध आणि अंडं तसंच. मुठीतून पीठ पिळून अंगठा-तर्जनीतून गोळा तेलात सोडायचा. मुलीला अजून जमत नाही, तिचे सगळे बेडकासारखे होतात आणि तेच आधी संपतात.

तव्यावरची | १८ जानेवारी २०२५

मी डोंबिवलीत घरून डबे करते. लायसन्सचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितेय. अन्नसुरक्षेची नोंदणी आहे का? आणि अंड्याचं कसं करता? माझ्याकडे अर्धे लोक विचारतात, "एगलेस आहे ना?"

मरोळची_सून | १८ जानेवारी २०२५

आहे. २०२१ मध्ये घेतली, तेव्हा वार्षिक उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर साधी नोंदणी आणि वर्षाला १०० रुपये असं होतं. सगळं ऑनलाइन झालं, १४ आकडी नंबर आला, तो प्रत्येक डब्यावर छापतो. गॅसचं काम असेल तर लक्षात ठेवा, घरचा लाल सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही. आम्ही साखर आणि पाक करायला वेगळा निळा ठेवलाय.

अंड्याचं जरा सविस्तर सांगते, कारण यात आम्ही एकदा चुकलोय. अंड्याच्या केकवर तपकिरी खूण लावतो, रम असेल तर तेही मोठ्या अक्षरात. ज्यांना रम नको त्यांचा मेवा संत्र्याच्या रसात मुरवतो. पहिल्या वर्षी एकाच ओट्यावर एगलेस केक केला आणि "शुद्ध शाकाहारी" म्हणून दिला. मम्मींनी ऐकलं आणि त्या ताईंना फोन लावायला सांगितला: केकमध्ये अंडं नाही, पण भांडी अंड्याचीच आहेत, चालेल का ते तुम्ही ठरवा. त्या ताईंनी केक परत केला. पुढच्या महिन्यात त्यांनीच सुचवलं की गुरुवारी करा, आदल्या दिवशी सगळं घासून. आता एगलेसचे साचे, बीटर, स्पॅच्युला वेगळे, निळ्या टबमध्ये, आणि वार गुरुवार. मार्गशीर्षातले गुरुवार आणि आमचा आगमनकाळ (नाताळाआधीचे चार आठवडे) बहुतेक एकत्रच येतात. त्या महिन्यात गुरुवारी एगलेसची रांग असते आणि बाकीचे दिवस प्लम केकची.

आमचं वर्षच असं दोन पंचांगांवर चालतं. श्रावणात अंड्याच्या ऑर्डरी थांबतात. राखेच्या बुधवारपासून चाळीस दिवस आमचे लोक गोड सोडतात. आधी मला वाटायचं, दोन्हीकडून मार. आता त्या दिवसांत साचे दुरुस्त करतो, मम्मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन येतात.

नानकटाईवाला_दादर | २ फेब्रुवारी २०२५

बातमी वाचलीत ना? हायकोर्टाचा ९ जानेवारीचा आदेश. लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जायचं. महापालिकेने ८ जुलैची मुदत दिली आहे. हवा सुधारायला हवी हे पटतं, मला स्वतःला दमा आहे. पण तुमच्या शेठचं काय होणार?

मरोळची_सून | ३ फेब्रुवारी २०२५

काल केकचा डबा घेऊन मुद्दाम गेले. शेठ म्हणाले, भट्टी त्यांच्या वडिलांच्या हातची आहे. लाकडाचा धूर त्यांनीही पन्नास वर्षं छातीत घेतलाय, त्यामुळे धूर जाण्याचं दुःख नाही. काळजी दोन गोष्टींची. जाड विटांची भट्टी रात्री तापवली की दुसऱ्या दिवशीपर्यंत आच धरते, गॅसच्या पत्र्याच्या ओव्हनला ते जमत नाही. आणि पाव चार-पाच रुपयांना विकायचा, त्यात नव्या ओव्हनचा हप्ता कसा बसवायचा? माझ्याकडे उत्तर नव्हतं. पप्पा त्यांच्याशी तासभर बोलत बसले.

उंच_भरारी | ३ फेब्रुवारी २०२५

गाळ्याचं काय ठरलं?

मरोळची_सून | ९ फेब्रुवारी २०२५

नाही घेत. हिशेबनीसांचा कागद नवऱ्यासमोर ठेवला, त्याने दोनदा वाचला आणि म्हणाला, "मला वाटत होतं तू थकलीस म्हणून गाळा हवा." मी थकले होतेच. पण थकवा जागेचा नव्हता, नाही म्हणता न येण्याचा होता. १४० किलो घ्यायलाच नको होते.

म्हणून घरात बसून आकडा ठरवला: नाताळला ९० किलो, त्यापुढे एकही नाही. भाव ९५०. २४ डिसेंबरला संध्याकाळी सहाला पडवीचं दार बंद, कारण मुलगी आणि मी कॉयरमध्ये आहोत आणि गेली तीन वर्षं आम्ही रात्रीच्या मिस्सेला मैदा लागलेल्या केसांनी पळत गेलोय. हे मम्मींना बोललं नव्हतं, पण त्यांना ते खुपत होतं.

हिशेबनीस | ९ फेब्रुवारी २०२५

१४० किलोवर ३२३ प्रमाणे ४५,२२० सुटले. ९० किलोवर ४७३ प्रमाणे ४२,५७० सुटतील. पन्नास किलोंचं काम कमी करून अडीच हजारांचा फरक. उत्तम.

तव्यावरची | २१ एप्रिल २०२५

ईस्टरच्या शुभेच्छा, ताई. गुड फ्रायडेचे हॉट क्रॉस बन केले का? दुःखाच्या दिवशी बेकरी चालू ठेवता का, असं कुणीतरी मला विचारलं, मला सांगता आलं नाही.

मरोळची_सून | २२ एप्रिल २०२५

धन्यवाद! शुक्रवारी पडवी उघडत नाही. बन गुरुवारी दुपारपर्यंत भाजून होतात, संध्याकाळच्या मिस्सेच्या आधी लोक घेऊन जातात. शिळे लागतात अशी तक्रार एक-दोघांची असते. त्यांना सांगते, तव्यावर झाकण ठेवून दोन मिनिटं गरम करा, लोणी लावून.

ईस्टरला मम्मींचं थाली स्वीट केलं. कृतीही सांगते. रवा अर्धा किलो, साखर अर्धा किलो, लोणी पाव किलो, अंडी ८, एका मोठ्या नारळाचं दाट दूध, सोललेले वाटलेले बदाम शंभर ग्रॅम, गुलाबपाणी. लोणी-साखर घोटून अंडी एकेक करून घालायची, मग रवा, बदाम आणि दूध. खरी गोष्ट पुढे: मिश्रण निदान तीन तास झाकून ठेवायचं. रवा फुगला नाही तर दाताखाली कचकच लागते. मग तूप लावलेल्या थाळीत ओतून १८० वर चाळीस मिनिटं. मम्मींच्या लहानपणी ओव्हन नव्हता, चुलीवर थाळी आणि वरच्या झाकणावर निखारे. वरचा थर जरा करपायचा आणि त्याच्यासाठी भांडणं व्हायची.

पावसाळी_बेकर | १० जुलै २०२५

विक्रोळीहून. केकवरचं फॉण्डंट (साखरेचं आवरण) घामेजतंय, बिस्किटं दुसऱ्या दिवशी मऊ. काय करता पावसात?

मरोळची_सून | ११ जुलै २०२५

जून ते सप्टेंबर फॉण्डंटला आम्ही सरळ नाही म्हणतो. फ्रिजमधून बाहेर काढलं की मुंबईची हवा त्यावर पाणी धरणारच. बटरक्रीम घ्या, किंवा लोणी-अंड्याचे साधे केक. बिस्किटं पूर्ण गार झाल्यावरच डब्यात, आणि ओव्हन बंद केल्यावर उरलेल्या उबेत दहा मिनिटं परत ठेवा.

नानकटाईवाला_दादर | १५ सप्टेंबर २०२५

ताई, शेठच्या भट्टीचं काय झालं? विचारायचं राहूनच जातंय.

मरोळची_सून | २३ सप्टेंबर २०२५

शेठनी गॅसचा ओव्हन बसवला. जुनी भट्टी पाडली नाही, तिच्यात आता मैद्याची पोती ठेवतात. पावाचा खालचा कडकपणा थोडा गेलाय, पण धंदा चालू आहे याचाच आनंद.

आमच्याकडेही नवा ओव्हन आला. पंख्याचा, चार ट्रेचा, साडेतीन किलोवॅट, स्वतंत्र लाइनवर. वायरमनदादांनी स्वतः येऊन ती टाकली आणि मजुरी म्हणून फक्त मार्झिपान नेलं. पहिले दोन प्लम केक वरून फाटले. पंख्याने वरचा पापुद्रा आधी सुकतो, आत अजून फुगायचं असतं. आता तापमान वीस अंश उतरवते आणि पहिला तास वर कागद झाकते. मेवा मुरायला घातलाय. कालपासून लोणी आणि बदामावरचा जीएसटी १२ चा ५ टक्के झालाय. दुकानदार पुढच्या मालाला भाव उतरवतो म्हणालाय, बघू.

आणि एक विचार आहे. चार ट्रेचा ओव्हन दिवाळीआधी आमच्याकडे दुपारी रिकामाच असतो. ११ ऑक्टोबरला, शनिवारी दुपारी २ ते ६, ज्यांना घरच्या नानकटाईचे ट्रे भाजून हवेत त्यांनी यावं. ट्रेला ४० रुपये, नुसते विजेचे आणि जागेचे. आदल्या दिवशी सगळं घासून ठेवू, त्या दिवशी पडवीत अंडं येणार नाही. जागा १६ ट्रेची.

नानकटाईवाला_दादर | २३ सप्टेंबर २०२५

माझे दोन ट्रे धरा.

साधीच_शंका | २४ सप्टेंबर २०२५

माझा एक. आईला घेऊन येते, तिला ८२ वर्षं झालीत. ओटा उंच आहे का? तिला बसून वळता येईल ना?

मरोळची_सून | २४ सप्टेंबर २०२५

मम्मींची खुर्ची आहे, शेजारी दुसरी ठेवते.

नानकटाईवाला_दादर | १२ ऑक्टोबर २०२५

काल जाऊन आलो. दादरहून भूमिगत मेट्रोने मरोळ नाका, पीठ मळून डब्यात, मांडीवर. पडवीच्या दाराशी वेलची आणि तुपाचा असा वास होता की क्षणभर पाय थांबले. आत दोन आज्या शेजारी बसून गोळे वळत होत्या. ताईंच्या सासूबाई पहिल्यांदाच नानकटाई वळत होत्या आणि साधीच_शंकांच्या आई त्यांना सांगत होत्या, "दाबू नका, नुसतं अंगठ्याने टेका." थोड्या वेळाने सासूबाईंनी त्यांना काट्यावर कुलकुल वळायला शिकवलं. शेठही डोकावून गेले. त्यांनी ओव्हनच्या दारावर हात धरला, ट्रेकडे बघितलं आणि म्हणाले, "दोन मिनिट आधी काढा." काढल्या. अगदी बरोबर होत्या.

कोपऱ्यातल्या गोळ्यावर मी चिठ्ठी लावली होती. भाजताना कागद तांबूस झाला, आईचं नाव वाचता येत होतं. ती चिठ्ठी पाकिटात ठेवली आहे.

तव्यावरची | १२ ऑक्टोबर २०२५

वाचून डोळ्यात पाणी आलं. ताई, नाताळच्या ९० किलोंत माझे दोन बसतील का? आणि २४ ला संध्याकाळी सातला आले तर चालेल?

मरोळची_सून | १२ ऑक्टोबर २०२५

दोन लिहिले, ६४ आणि ६५ वा किलो. सातला नको, पावणेसहाच्या आत या. डोंबिवलीहून घाटकोपरला उतरून मेट्रो पकडा. पप्पा मरोळ नाक्याच्या जिन्याखाली डबा घेऊन उभे राहतील, तुम्हाला गल्लीत शिरावं लागणार नाही.